झिग कंपायलरचा बग नोंदवताय? या चुका टाळा

झिग या प्रोग्रामिंग भाषेची १.० आवृत्ती अजून यायची आहे, तेव्हा कंपायलरमध्ये बग सापडणारच. पण म्हणून प्रत्येक विचित्र आउटपुटचं खापर कंपायलरवर फोडायला नको.

सगळ्यात जास्त फसगत 'अनडिफाइन्ड'मुळे, म्हणजे व्हॅल्यू न दिलेल्या मेमरीमुळे होते. यू३२ (३२ बिटांचा पूर्णांक) व्हेरिएबल छापलं आणि २८६३३११५३० आलं? तो बग नव्हे. डीबग बिल्डमध्ये झिग अनडिफाइन्ड मेमरीचा प्रत्येक बाइट मुद्दाम १७० या आकड्याने भरते. असे चार बाइट मिळून नेमकी हीच संख्या होते. व्हॅल्यू द्यायची तुमच्याकडून राहिलीय, इतकंच.

'डीबगमध्ये चालतं, रिलीजफास्टमध्ये कचरा येतो, म्हणजे ऑप्टिमायझर गंडलाय' ही तक्रारही नेहमीची. रिलीजफास्ट म्हणजे वेगासाठीचा बिल्ड, रिलीजसेफ म्हणजे तपासण्या ठेवणारा. आधी तोच कोड रिलीजसेफमध्ये चालवा. ॲरेच्या हद्दीची, ओव्हरफ्लोची तपासणी रिलीजफास्ट काढून टाकतं, रिलीजसेफ ठेवतं. चूक तुमची असेल तर बऱ्याचदा तिथेच पॅनिक येतो, म्हणजे प्रोग्राम एरर देऊन थांबतो. फंक्शनने स्वतःच्याच लोकल व्हेरिएबलचा पॉइंटर परत केला असेल, तर मात्र तो रिलीजसेफलाही चकवू शकतो. तो आपणच कोड वाचून शोधायचा.

बिल्ड करताना खुद्द कंपायलरच कोसळला, तर बिनधास्त नोंदवा. कोड कितीही भिकार असो, कंपायलरने एरर द्यावी, मान टाकू नये.

नोंदवताना 'लेटेस्ट व्हर्जन' लिहिण्याला काही अर्थ नाही. 'झिग व्हर्जन' या कमांडचं आउटपुट जसंच्या तसं चिकटवा. डेव्ह बिल्ड (अजून प्रसिद्ध न झालेली आवृत्ती) असेल तर त्यात कमिटचा हॅशही, म्हणजे कोडमधल्या नेमक्या बदलाची खूणही असते. ०.१५ पासून एक्स८६-६४ लिनक्सवर डीबग बिल्डसाठी झिगचा स्वतःचा बॅकएंड (मशीन कोड बनवणारा भाग) वापरला जातो, म्हणून एलएलव्हीएम हा दुसरा बॅकएंड सक्तीने लावूनही एकदा बिल्ड करा. तेवढ्याने बग गायब झाला, तर तेही लिहा. शोधणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

अख्ख्या प्रोजेक्टची लिंक देऊ नका. एकेक फंक्शन उडवत कोड वीसेक ओळींवर आणा, आणि दर वेळी एरर तीच आहे ना, हे बघा. कापाकापीत भलताच बग हाती लागतो आणि मूळचा राहून जातो. एररचा स्क्रीनशॉट तर नकोच, मजकूर द्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये झिग प्रकल्प गिटहबवरून कोडबर्ग या तशाच कोड ठेवायच्या साइटवर गेलाय, नवे इश्यू (बगच्या नोंदी) तिकडे टाकायचे. एआयकडून इश्यू लिहून घेणं, अगदी भाषांतर करून घेणंही नियमात बसत नाही. इंग्रजीची मात्र सक्ती नाही. मोडकंतोडकं इंग्रजी चालेल, आणि नियमाप्रमाणे मराठीही.