निलगिरीचं लाकूड घेताय? या चुका टाळा

सुतारकाम मी फक्त शनिवार-रविवारी करतो, पोटापाण्यासाठी नाही, पण सोसायटीत कुणाचं काही वाकलं, फाटलं की ते माझ्याच दारात येतं. हल्ली त्यात निलगिरी फार. साग परवडत नाही हे मान्य, पण निलगिरीला सागासारखं वागवायला गेलात तर पस्तावाल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओलं लाकूड लगेच कामाला घेणं. मीही केलीय, म्हणून जास्त चिडतो. मे महिन्यात रे रोडच्या एका वखारीतून ताज्या कापलेल्या फळ्या आणल्या, स्वस्त पडल्या म्हणून खूश, हाताला गार लागत होत्या तेव्हाच कळायला हवं होतं. पावसाच्या आधी गॅलरीत बाकडं हवं होतं, दोन दिवसांत ठोकलं, पॉलिशसुद्धा मारलं. चौथ्या रात्री फट्ट! बायको म्हणाली बल्ब फुटला बहुतेक. जाऊन बघतो तर बसायच्या फळीला टोकाकडून वीतभर चीर, दुसरी फळी होडीसारखी वर आलेली आणि बाकड्याचा एक पाय हवेत.

होतं काय, हे झाड भराभर वाढतं आणि वाढताना खोडाचा बाहेरचा भाग ताणलेला राहतो, आतला गाभा दाबलेला. करवत फिरली की तो ताण सुटतो, फळी वाकते, टोकं उलतात. वर वाळताना लाकूड आकसतं ते वेगळंच. तेव्हापासून फळ्या घरी आल्या की त्याच दिवशी टोकांना उरलेला ऑइल पेंट फासतो, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावतो, वर जुन्या लाद्यांचं वजन, आणि सगळं सावलीत. इंचभर फळीला सहा महिने, पावसाळा धरायचाच नाही, मुंबईच्या हवेत त्या चार महिन्यांत काय वाळणार! "काका, गच्चीवर कडक उन्हात आठवडाभर ठेवलं तर?" असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. ठेव बाबा, वरून कोरडं, आतून ओलं, आणि मधे भेगा.

खिळा थेट ठोकू नका, आधी ड्रिल करा. साधा लोखंडी खिळाही नको, लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ओल लागली की भोवती काळे डाग पडतात, स्टेनलेस स्क्रू घ्या.

गाभ्याचा मधला ठिसूळ भाग असलेली फळी स्वस्तात मिळते, घेऊ नका. सालीलगतचं फिकं लाकूड पण नको, भुंगा लागतो आणि खाली पिठासारखा भुसा पडत राहतो.

फळीत लालसर-काळा चीक दिसला तर सडलंय समजून घाबरू नका. त्याला किनो म्हणतात, या झाडांना गम ट्री, म्हणजे डिंकाचं झाड, हे नाव त्यावरूनच पडलं, खरं तर तो डिंक नव्हेच. खरवडून काढा, मग पॉलिश.

आता माझा आवडता राग. निलगिरी म्हणजे एकच झाड असं लोकांना वाटतं. अहो, 700 च्या वर जाती आहेत, बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या. तेलासाठी प्रसिद्ध असलेली उटीकडची निळसर पानांची ब्लू गम वेगळी, तिला डोंगरातली थंड हवा लागते. आपल्याकडे फळ्या-बल्ल्या येतात त्या बहुतेक मैदानी भागात लावलेल्या दुसऱ्या जातींच्या. ओळखीतल्या एका ताईंनी उटीहून गोल, चंदेरी पानांचं रोप आणून मुलुंडच्या गच्चीत कुंडीत लावलं, जूनच्या दमट हवेत पानं काळी पडली, तर म्हणे खत कमी पडलं. दोनदा सांगितलं की ही गोल पानं लहानपणीची, मोठं झाड झालं की लांब कोयत्यासारखी पानं येतात, आणि कुंडीत हे झाड मोठं होणार कुठे? तरी परवा दुसरं रोप आणलंय.

तेलाची बाटली मात्र मुलांच्या हाताशी ठेवू नका. एखादा चमचा पोटात गेला तरी लहान मुलाला फिट येऊ शकते, आणि तान्ह्या बाळाच्या नाकाला हे तेल अजिबात चोळायचं नाही, आजी काहीही म्हणो.