निवळी, रेती अन् दोन मडकी: आमच्या विहिरीचं वर्षभराचं काम

आमच्या घरात वयानं सगळ्यात मोठं कोण, तर विहीर. सासूबाई तिला ‘थोरली’ म्हणायच्या. नागपूरच्या महाल भागातली गल्ली, दगडी बांधणी, पाच फूट रुंदी. नळाला पेंच धरणाचं पाणी येतं. पण उन्हाळ्यात नळ रुसला की थोरलीच धावून येते. परवा माझ्या भाचसुनेचा फोन आला. त्यांनी मानेवाड्याकडे जुनं घर घेतलं, मागच्या अंगणात विहीर निघाली. “मामी, निवळीच्या बिया टाकल्या की पाणी शुद्ध होतं म्हणतात. टाकू का?”

मी म्हटलं, बिया दे ठेवून, आधी ओटा कसा आहे ते सांग.

हे शहाणपण मला महागात पडलेलं आहे. माझा मुलगा पाचवीत होता, त्या वर्षीच्या श्रावणात थोरलीचं पाणी काचेसारखं होतं. तळाची रेती दिसायची. घरातले पाचही जण हगवणीनं आडवे झाले. ओळखीच्या एका आरोग्यसेविकेनं पाणी तपासायची एच-टू-एसची बाटली आणून दिली. खुणेपर्यंत पाणी भरायचं अन् घरातच ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संशय. आमची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच शाईसारखी झाली. कारण शोधलं तर आमचंच. ओट्याला बोटभर चीर गेली होती अन् आम्ही त्याच ओट्यावर कपडे धुवायचो, लहानग्याचे लंगोटसुद्धा. धुतलेलं पाणी चिरेतून परत विहिरीत.

म्हणून पहिलं काम विहिरीच्या बाहेरचं. कठडा अडीच फूट तरी उंच हवा. भोवती निदान तीन फुटांचा सिमेंटचा ओटा, उतार बाहेरच्या बाजूला, अन् सांडलेलं पाणी लांब नेणारी नाली. संडासाचा शोषखड्डा, उकिरडा, गोठा यांपासून विहीर 50 फूट दूर असावी. जुन्या वस्तीत हे अंतर बहुतेकांना जमत नाही, आम्हालाही नाही. मग आतल्या भिंतीचे वरचे 20 फूट तरी सांधे भरून पक्के करा, म्हणजे वरवरचं घाण पाणी सरळ आत झिरपत नाही, मातीतून गाळून येतं. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर बोटाएवढा असतानाच काढा. पारवे बसत असतील तर ती भोकं बुजवा; त्यांची विष्ठा थेट पाण्यात पडते. वर लोखंडी चौकट अन् बारीक नायलॉनची जाळी. विहिरीला ऊन लागलंच पाहिजे असं शेजारचे काका म्हणतात, पण ऊन जास्त तेवढं शेवाळ जास्त, असा माझा अनुभव.

बादली अन् दोर एकच, खुंटीला टांगलेला, जमिनीला न टेकणारा. ओट्यावर चपला नाहीत. सासूबाईंच्या काळी हे सगळं सोवळ्याच्या नावाखाली चालायचं, अन् त्या सोवळ्यानं कित्येकांना विहिरीपासून लांब ठेवलं. ते सोवळं गेलं, बरं झालं. बादलीची शिस्त तेवढी मी ठेवली.

निर्माल्याबद्दल मात्र माझं अजून भांडण चालू असतं. महालक्ष्म्या झाल्या की शेजारपाजारचे टोपलं घेऊन दारात. फुलं कुजतात, पाण्याला वास येतो, तळाशी काळा गाळ बसतो. आता मी दारातच खताचा ड्रम ठेवला आहे.

उपसा वैशाखात. अक्षय तृतीयेची घागर भरून झाली की माणसं सांगायची, म्हणजे नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत काम होतं. पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. आमच्याकडे उतरणारे काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दोराला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडला. म्हणाले, “बाई, इजला त म्या उतरत नाही.” कंदील विझला म्हणजे खाली प्राणवायू कमी. पण सगळेच विषारी वायू कंदिलाला कळत नाहीत, म्हणून कंदील जळत राहिला तरी काका आधी कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून दहा-पंधरा वेळा खालीवर करतात, हवा खेळवतात. कमरेला दोर, वर दोन माणसं, अन् डिझेलचं इंजिन कधीच आत उतरवायचं नाही. त्याच्या धुरानं माणूस मरतो. हे काम घरच्या पोरांनी हौसेनं करायचं नाही, एवढं माझं ऐका.

गाळ निघाला की भिंती काथ्यानं घासायच्या अन् तळाशी धुतलेली जाड रेती पसरायची. आम्ही कन्हानची आणतो. खालून येणारा झरा रेतीतून आला की गढूळपणा बराच कमी होतो.

आता निवळी. इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात चपट्या, गोल बिया मिळतात. विहिरीत मूठभर टाकून काही साधत नाही. बी सहाणेवर थोड्या पाण्यात उगाळायचं किंवा माठाच्या आतल्या खरखरीत बाजूला घासायचं, वर गढूळ पाणी ओतून हलवायचं अन् रात्रभर झाकून ठेवायचं. एका घागरीला एक-दोन बिया पुरतात. बियांतला चिकट अंश मातीच्या कणांना धरतो, गुठळ्या होऊन तळाशी बसतात. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. हे ज्ञान लई जुनं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानंही विहिरीत टाकायच्या चूर्णात निवळी, आवळा, वाळा अन् नागरमोथा सांगितला आहे. निवळी नसली तर शेवग्याच्या वाळलेल्या बिया: साल काढून कुटायच्या, लिटरला एक-दोन, एक मिनिट जोरात अन् दहा मिनिटं हळू ढवळायचं, दोन तास ठेवायचं. ते पाणी त्याच दिवशी संपवा, उरलं की वास मारतं. सासरे आवळ्याची लाकडं तळाशी टाकायचे. मला त्याचा फरक दिसला नाही.

निवळलेल्या पाण्यातून जंतूही थोडे खाली बसतात, पण सगळे जात नाहीत. त्यासाठी प्यायचं पाणी खळखळ उकळा, किंवा टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर, वापरा. लाल औषधाची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, आठवण काढणारे अजून भेटतात. पटकीच्या जंतूंवर ते चालायचं, बाकीच्यांवर भरवसा नाही, शिवाय पाण्याला रंग अन् चव येते.

टीसीएलचा हिशेब सोपा. गोल विहिरीची रुंदी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, गुणिले 22, म्हणजे लिटर. थोरलीचं 5 × 5 × 8 × 22, म्हणजे 4,400. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 11 ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागतं. पावडर ताजी हवी, उघडी राहिलेली निकामी. थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, बादलीत पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. खालचा चुना विहिरीत नको, पाणी जड होतं. ती बादली पाण्याखाली सोडून खालीवर, आजूबाजूला हलवा. हे रात्री करा, पाणी सकाळी काढा.

रोज कोण करणार? त्यावर आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं दुहेरी मडक्याची युक्ती काढली. एकात एक बसणारी दोन मडकी. आतल्याला वर काठाजवळ एक सेंटिमीटरचं भोक, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटरवर तसंच. 1 किलो टीसीएल अन् 2 किलो जाड रेती ओलसर कालवून आतलं मडकं भोकाच्या थोडं खालपर्यंत भरायचं, बाहेरच्यात ठेवून तोंड प्लॅस्टिकनं बांधायचं अन् पाण्याच्या पातळीखाली एक मीटर टांगायचं. साडेचार हजार लिटरच्या, रोज चारेकशे लिटर उपशाच्या विहिरीला दोन ते तीन आठवडे पुरतं.

मच्छरांसाठी मी गप्पी मासे सोडले आहेत. क्लोरीन जास्त झालं की ते मरतात, म्हणून मडकं बदलल्यावर दोन दिवस त्यांच्याकडे लक्ष ठेवते. कासव सोडायचा सल्ला ऐकू नका. आपल्याकडची कासवं वन्यजीव कायद्याखाली येतात.

अन् पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट, फ्लोराइड यांना निवळीही काढत नाही, टीसीएलही नाही. उकळल्यानं तर पाणी आटतं अन् ते दाट होतं. नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक, अन् भाचसुनेच्या घरी सहा महिन्यांचं बाळ आहे, म्हणून तिला सांगितलं: आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घे, तोवर बाळासाठी विहिरीचं पाणी नको. निवळीच्या बिया माझ्याकडे डबाभर आहेत, रविवारी ये, देते.