रस्टचं असिंक आणि पदेराचा पोंपों

जावास्क्रिप्टमध्ये दोन वर्षं असिंक-अवेट (एक काम अडलं की तोवर दुसरं करत राहायची पद्धत) लिहिलं होतं, म्हणून रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतलं आठवड्याभरात जमेल असा माझा हिशेब होता. चार महिने लागले. त्यातला बराच वेळ गोव्यातल्या चोडणच्या धक्क्यावर, फेरीबोट येईपर्यंत मांडीवरच्या लॅपटॉपवर एरर वाचण्यात गेला.

पहिल्याच दिवशी फंक्शन बोलावलं आणि काहीच घडलं नाही. जावास्क्रिप्टमध्ये असिंक फंक्शन बोलावताच काम सुरू होतं. रस्टमध्ये हाती येतं ते फ्युचर, म्हणजे पुढे करायचं काम, आणि ते अवेट (त्याच्या उत्तरासाठी थांबणं) किंवा स्पॉन (स्वतंत्र टास्क म्हणून सोडणं) केल्याशिवाय ढिम्म हलत नाही. कंपायलर तशी वॉर्निंग देतो, पण ती वाचतो कोण!

एक्झिक्युटर, म्हणजे फ्युचर चालवणारा कोड, फ्युचरला विचारतो, ‘झालं का?’ हे पोल. उत्तर ‘पेंडिंग’ आलं तर पुन्हा कधी विचारायचं, ते वेकर सांगतो. हे मला घरीच उमगलं. आई पदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट पाहत दारात उभी राहत नाही. चहा टाकते, भाजी चिरते. सायकलचा पोंपों ऐकू आला की पिशवी घेऊन बाहेर. मी हाताने एक टायमर फ्युचर लिहिलं आणि त्यात वेकर जपून ठेवायला विसरलो. एरर नाही, काही नाही, प्रोग्राम नुसता बसून राहिला. पोंपों वाजलाच नाही, तर पाव घ्यायला जाणार कोण? नवख्यांनी हा प्रयोग मुद्दाम करून बघावा.

दुसरी चूक महागात पडली. असिंक फंक्शनमध्ये मी साधा थ्रेड स्लीप (थ्रेडला, म्हणजे काम चालवणाऱ्या धाग्यालाच, झोपवणारी आज्ञा) टाकला आणि त्या थ्रेडवरची बाकीची कामंही अडकली. आईच दारात खिळली तर चहा उतू जाणार. टोकिओ या एक्झिक्युटर देणाऱ्या लायब्ररीचा स्वतःचा स्लीप वापरा. थ्रेड अडवून ठेवणारं काम असेल तर तिचंच स्पॉन-ब्लॉकिंग.

सगळ्यात छळलं ते ‘सेंड’ने, म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्या थ्रेडवर नेता येते या खुणेने. स्टँडर्ड लायब्ररीच्या म्युटेक्सचा (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणाऱ्या कुलपाचा) गार्ड, म्हणजे ते कुलूप आपल्याकडे असल्याची खूण, हातात धरून अवेट केलं आणि तो टास्क टोकिओला स्पॉन करायला दिला, की पानभर एरर. टास्क एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, गार्डला ती मुभा नाही. लॉकचं काम महिरपी कंसात आटपा, मगच अवेट करा. ओनरशिप (कोणता डेटा कोणाच्या मालकीचा, हे रस्टचे नियम) कच्ची असताना मी इथे घुसलो, म्हणून ही एरर मला असिंकची वाटत राहिली.

आधी थ्रेड आणि चॅनेल (थ्रेडमध्ये निरोप पोचवायची सोय) वापरून काहीतरी चालतं करा. जुने लेख तारीख बघून वाचा: असिंक-अवेट 2019 मध्ये 1.39 आवृत्तीत स्थिर झालं, पण ट्रेटमध्ये (वेगवेगळ्या टाइपनी पुरवायच्या फंक्शनांच्या यादीत) थेट असिंक फंक्शन लिहायची सोय डिसेंबर 2023 मध्ये, 1.75 ला आली. एक्झिक्युटर स्टँडर्ड लायब्ररीत नाहीच, म्हणून टोकिओ घ्या आणि निवडीत वेळ घालवू नका. पिन (फ्युचरला मेमरीतल्या जागेवरून हलू न देणारी सोय) सुरुवातीला सोडून दिलात तरी चालेल, मीही दिला होता.

डिचोलीला मामाच्या दुकानासाठी लिहिलेला छोटा सर्व्हर मात्र अजून साध्या थ्रेडवरच आहे. तिथे एका वेळी तीन माणसं असतात.