माळ्यावरचा कॉम्प्युटर पुन्हा चालू करताय? या चुका टाळा

चवथीच्या साफसफाईत जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली येतो आणि लगेच त्याची पिन बोर्डात जाते. पहिली चूक इथेच होते. गोव्यात चार महिने पावसाची ओल, किनाऱ्याजवळ तर वर्षभर खारी हवा. बंद कॅबिनेटमधली धूळ ही ओल धरून ठेवते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. म्हणून आधी वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, बाजूचा पत्रा उघडा आणि उन्हाच्या दिवशी पाच-सहा तास पंख्याखाली ठेवा. धूळ मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारणार असाल तर आतल्या पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. रॅम काढून पट्ट्यांवर पेन्सिलीचा खोडरबर हलकेच फिरवा, भुगा झटका आणि दोन्ही बाजूंचे खटके बसेपर्यंत ती परत दाबा. ‘पंखा फिरतो, बीप वाजतो, पण स्क्रीन काळी’ ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यानेच जाते. आत पालीची अंडी सापडली तर नवल मानू नका. मदरबोर्डवरचे (मुख्य सर्किट बोर्डावरचे) कपॅसिटर (छोटी नळकांडी) वरून फुगलेले असतील तर मात्र पुढे जाण्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याचा) डबा घरी उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात चार्ज राहतो.

इंटरनेट ‘बिघडले’ म्हणून राउटर बदलणे

कॉम्प्युटर सुरू झाला, पण प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते? आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रे ब्राउझरला खोटी वाटतात. सेल बदला, बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख लावा, झाले.

पैसे चुकीच्या पार्टवर घालणे

४ जीबी रॅम असताना ती ८ करण्यापेक्षा जुनी हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीचा साटा एसएसडी (साटा जोडणीची, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावा, फरक लगेच दिसतो. रॅम २ जीबीच असेल तर दोन्ही लागतील. पण डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जुनी रॅम हातात घेऊनच दुकानात जा. डेस्कटॉपसाठी साटाची डेटा केबलही मागून घ्या. नवी सिस्टीम टाकणार असाल तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) आधीच एएचसीआय करा. आहे त्याच विंडोजवर हा मोड बदललात तर निळी स्क्रीन येते. मोड पूर्ववत केला की ती जाते.

विंडोज ११ जबरदस्तीने बसवणे

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. पळवाटा आहेत, पण कोअर टू ड्युओवर त्या वापरण्यात अर्थ नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी: किमान २ जीबी रॅम, सुखाने चालायला ४. तिची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची प्रत) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि रूफस किंवा एचर या प्रोग्रामने फाइल त्यावर लिहा. त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते. मग इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वाय-फाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. एचपीचे बरेच प्रिंटर सहज लागतात, लेझरजेट १०२० ला इंटरनेटवरून जादा प्लगइन घ्यावे लागते. घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर डोकेदुखी आहे. तोच प्रिंटर हवा असेल तर निर्णय आधी करा.

जुने फाँट पुसून टाकणे

जत्रेच्या नाटकाची संहिता, मंडळाच्या पावत्या, आरत्या हे सगळे जुन्या मशीनवर बहुधा युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) नसते, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असते. फक्त डॉक्युमेंट कॉपी करून डिस्क साफ केली की पानावर इंग्रजी अक्षरांचा कचरा उरतो. आधी विंडोजच्या फोल्डरातले ‘फाँट्स’ पूर्ण उचलून ठेवा आणि महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ जुन्या विंडोजमधूनच काढा. मिंटमध्ये कीबोर्ड लेआउटच्या यादीतून मराठी निवडले की यापुढचे टायपिंग युनिकोडमध्येच होते.

दोन पायांची पिन

जुन्या घरांत अर्थिंग नसते किंवा नावापुरते असते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिसरा पाय तोडलेली पिन वापरू नका, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्याशिवाय स्पाइक गार्डही निम्मा निकामी. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, पिन आणि लॅनची केबल दोन्ही काढा.

चोवीस तास सर्व्हर

फोटो साठवायला जुना पेंटियम ४ सतत चालू ठेवायची कल्पना मोहक वाटते. सरासरी १०० वॉट धरले तरी महिन्याला ७२ युनिट होतात. त्यापेक्षा त्यातली डिस्क काढून तिची तब्येत स्मार्ट तपासणीत (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदींत) बघा, आणि चांगली निघाली तर यूएसबी केसमध्ये घाला. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर असलेली केस लागते.