आकाशकंदिलाचे शेवटचे दिवे तांबूस का होत होते?

दिवाळीत आमच्या सोसायटीत घरी केलेल्या आकाशकंदिलांचे प्रदर्शन भरते. त्यासाठी मी बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर, बटर पेपरच्या आत, प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येणारी 5 मीटरची, 300 दिव्यांची 5 व्होल्टची एलईडी पट्टी गुंडाळली होती. सगळे दिवे पांढरे केले की वरचा वेढा दुधासारखा शुभ्र दिसे, पण झिरमिळ्यांपाशी पोहोचेपर्यंत तोच प्रकाश पिवळा आणि पुढे तांबूस होत जाई.

मल्टिमीटर लावल्यावर सुरुवातीला 4.9 आणि शेवटच्या टोकाला जेमतेम 3.4 व्होल्ट मिळाले. असा एक दिवा पूर्ण पांढरा असताना सुमारे 60 मिलिअँपिअर, म्हणजे सगळे मिळून 18 अँपिअरपर्यंत प्रवाह मागू शकतात. पट्टीतील तांब्याच्या पातळ थरातून तो वाहताना व्होल्टेज घटत जाते आणि प्रत्येक दिव्यातील लाल, हिरव्या आणि निळ्या एलईडी मिळून पांढरा रंग बनवतात, त्यांपैकी निळ्या-हिरव्या एलईडींना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्यामुळे त्या आधी मंदावतात.

म्हणून मी पॉवर सप्लायपासून जाड तारांच्या स्वतंत्र जोड्या काढून पट्टीच्या मध्यभागी आणि शेवटच्या टोकालाही सोल्डर केल्या, प्रत्येक जोडीत फ्यूज बसवला आणि प्रोग्राममधून प्रखरता 40 टक्क्यांवर आणली. कागदाच्या आत एवढा उजेड पुरेसा होतो, शिवाय पट्टी तापत नाही, आणि कागद जवळ असताना ही बाब मला शोभेपेक्षाही महत्त्वाची वाटते. दिव्यांची मधूनच होणारी लुकलुक मात्र कंट्रोलर (दिव्यांना रंगाचे आदेश देणारे सर्किट) आणि सप्लाय यांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोक, एकमेकांना जोडताच थांबली.

त्या संध्याकाळी कंदील टोकापर्यंत एकसारखा पांढरा उजळला.