हायस्कूलमधून थेट फार्मडी : हमखास प्रवेश घेताना या चुका टाळा

अमेरिकेत शिकून फार्मासिस्ट व्हायचं तर फार्मडी (डॉक्टर ऑफ फार्मसी ही पदवी) करावीच लागते. एरवी आधी दोन-तीन वर्षं कॉलेज, मग अर्ज, मुलाखत आणि त्यानंतर साधारण चार वर्षांची फार्मडी. पण न्यू जर्सीचं रटगर्स किंवा न्यूयॉर्कचं सेंट जॉन्स यांच्यासारखी काही विद्यापीठं हायस्कूलमधूनच सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देतात. पत्र हातात पडलं की घरात पेढे वाटले जातात आणि सोबतच्या अटी कुणी वाचतच नाही. खरी गफलत तिथे होते.

जागा राखीव असते ती अटींवर. पहिल्या दोन वर्षांत ठरावीक जीपीए (४.० पैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) राखावा लागतो. बऱ्याच ठिकाणी एकूण जीपीए वेगळा पाहतात आणि गणित-विज्ञानाचा वेगळा. समजा, दोन्हीकडे ३.० ची अट आहे. इंग्रजी, इतिहास, मानसशास्त्रात ए मिळवून मुलीचा एकूण जीपीए ३.४ झाला, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी आला आणि विज्ञानाचा २.९ वर अडकला, तर जागा धोक्यात येते. तो विषय उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये (स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजात) पुन्हा केला तर चालेल का? एपीचे (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांचे) क्रेडिट विज्ञानाला धरतात का? ही उत्तरं डिपॉझिट भरण्याआधी ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका.

एच-४ व्हिसावरच्या (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) मुलांच्या पालकांनी आणखी एक हिशेब आधीच मांडावा. अठराव्या वर्षी प्रवेश घेतला, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाला मूल एकवीस वर्षांचं होतं आणि एच-४ संपतो. मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, आणि काही राज्यांत त्यामुळे रहिवाशांची कमी फीही जाऊ शकते. एच-४ वर मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे फार्मसीत उन्हाळी नोकरी करून फीला हातभार लावण्याचा बेतही धरू नका. हे प्रवेश कार्यालय आपणहून सांगेलच असं नाही. इमिग्रेशन वकिलाला वेळेत गाठा.

‘नाहीच जमलं तर भारतात बी.फार्म करून परत येईल’ हा तोडगाही फसवा आहे. १ जानेवारी २००३ पासून पुढे परदेशात पदवी घेतलेल्यांना अमेरिकेतल्या फार्मासिस्टच्या परवान्याच्या वाटेवर किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. आपली बी.फार्म चार वर्षांची.

मूल मध्येच विषय बदलू शकतं, हेही गृहीत धरा. सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय एकोणिसाव्या वर्षी बदलला, तर त्यात मुलाचा दोष नाही. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडल्यास बॅचलर पदवी मिळेल का, हे मात्र आधीच विचारून ठेवा. अनेक ठिकाणी ती आपोआप मिळत नाही.

आणि जीपीए घसरायला लागलाच असेल तर निकालाची वाट पाहू नका. विषय सोडण्याची शेवटची तारीख उलटण्याआधी सल्लागाराला भेटा, प्रोबेशनची, म्हणजे जीपीए सुधारायला मुदत मिळण्याची, सोय आहे का ते विचारा. जागा गेलीच, तरी फार्मकॅस या फार्मसी कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जव्यवस्थेवरून नेहमीच्या वाटेने अर्ज करता येतो. त्यासाठी पूर्वी बऱ्याच ठिकाणी पीकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागे. ती परीक्षा २०२४ च्या जानेवारीत कायमची बंद झाली.