कुंडीतल्या कॉफीची पानं पिवळी पडली, त्यावर केलेला उपाय

कॉफीच्या दोन मुख्य जाती, अराबिका आणि रोबस्टा. आधी झाड अराबिकाच आहे ना, ते पाहिलं. समोरासमोर जोडीने येणारी, कडेला नागमोडी, चकचकीत पानं, लांबी साधारण १० ते १५ सेंमी. दोन देठांच्या मध्ये छोटं त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं खवलं). रोबस्टाची पानं बरीच मोठी आणि सुरकुतलेली असतात.

नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतंच, पण बोअरचं जड पाणी घालत राहिलं की मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि मुळांना ते उचलता येत नाही. कॉफीला ५.५ ते ६.५ सामू लागतो. जुनी, खालची पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी आहे. तिथे लोह देऊन काही होत नाही.

वरची ३ सेंमी माती काढून शेणखत आणि कोकोपीट भरलं. कुंडीच्या तिप्पट आरओचं पाणी ओतून खालून निथळू दिलं. मग चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारलं, पंधरवड्याने पुन्हा. हिराकस (फेरस सल्फेट) फवारायला नको, पानं करपतात. पिवळी पानं पूर्ण हिरवी होत नाहीत, नवी पालवी बघायची.

जागा पूर्वेची खिडकी. दुपारचं ऊन आणि एसीचा झोत, दोन्ही टाळा. फुलं बियांपासून तीन-चार वर्षांनी. अराबिकाला फळधारणेसाठी एकच झाड पुरतं, रोबस्टाला नाही.